सतराव्या लेव्हलचं साहस कसं चालवावं

डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून, एकेक पात्र घेऊन खेळायचा गोष्टीचा खेळ. त्यात बारा-तेराव्या लेव्हलच्या (पात्राच्या ताकदीच्या पायरीच्या) आसपास बऱ्याच कॅम्पेन, म्हणजे लांबलचक मोहिमा, बंद पडतात. खेळाडू कंटाळतात असं नाही. गोष्ट डीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, हातातून निसटायला लागते. डोंगर आडवा घातला तर पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांची टोळी, उडून जाते. खुनाचं रहस्य रचलं तर ती प्रेतालाच जाऊन विचारते. राजपुत्राला मारलं तर दुसऱ्या दिवशी तो जिवंत होऊन दरबारात बसलेला असतो.

यावर सगळ्यात आधी सुचतो तो उपाय बंदीचा, आणि मीही तो केला आहे. चौदाव्या लेव्हलच्या पार्टीपुढे मी एक किल्ला ठेवला आणि त्याच्या आत जादू चालत नाही असं जाहीर केलं. विझार्ड (जादूगार) खेळणाऱ्या मुलीने पात्राच्या क्षमता लिहिलेलं आपलं पत्रक टेबलावर पालथं घातलं आणि पुढचे दोन तास ती फक्त क्रॉसबो मारत राहिली. दीड वर्ष खेळून तिने कमावलेलं सगळं मी एका वाक्यात काढून घेतलं होतं. त्यानंतर मी बंदी सोडली आणि प्रत्येक स्पेलचा, म्हणजे जादूचा, नियमपुस्तकातला मजकूर शेवटच्या ओळीपर्यंत वाचायला लागलो. साहसाचा माल तिथेच भरलेला असतो. खालची पद्धत त्यातूनच तयार झाली. आकडे आणि नियम डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या 2014च्या पाचव्या आवृत्तीचे आहेत.

पायरी 1 : पत्रकं मागून घ्या

साहस लिहायच्या आधी प्रत्येकाचं पत्रक घ्या आणि एका कागदावर चारच प्रश्नांची उत्तरं काढा. ही पार्टी किती लांब आणि किती पटकन जाऊ शकते? न सांगितलेलं काय काय शोधून काढू शकते? मेलेल्याला परत आणू शकते का? लढाईच्या एका फेरीत सर्वाधिक किती डॅमेज (इजा) देते? पूर्ण स्पेलकास्टर, म्हणजे मुख्यतः जादूवर चालणारी पात्रं, नवव्या लेव्हलला स्क्राइंग (दुरून नजर ठेवणं) आणि रेज डेडपाशी (मेलेल्याला उठवणं) पोचतात, तेराव्याला टेलिपोर्ट (क्षणात दूर जाणं) आणि प्लेन शिफ्टपाशी (दुसऱ्या मितीत जाणं), सतराव्याला विशपाशी (इच्छा पूर्ण करून घेणं). या तिन्ही टप्प्यांवर तुमच्या जुन्या युक्त्यांपैकी काही निकामी होतात. कोणत्या, ते सेशनच्या (खेळाच्या बैठकीच्या) आधीच कळलेलं बरं.

पायरी 2 : स्पेलच्या अटींतून साहस काढा

टेलिपोर्टचंच बघा. कास्टर आणि आठ सोबती क्षणात कुठेही पोचतात, एवढंच सगळ्यांच्या लक्षात राहतं. पण त्याखाली एक तक्ता आहे. ज्या जागेचं फक्त वर्णन ऐकलं आहे तिथे जायचं असेल, तर शंभरात 43 वेळा स्पेल फसतो आणि अंगावर डॅमेज येतं. नेमक्या जागी पोचायची शक्यता फक्त 27 टक्के. मात्र त्या जागेतून गेल्या सहा महिन्यांत आणलेली एखादी वस्तू हातात असेल तर चुकायचा प्रश्नच नाही.

आता शत्रूचा गड पार्टीने कधीच पाहिलेला नाही असं धरा. वाटेवरचे तीन आठवडे आणि दरीतले राक्षस लिहायची गरज उरली नाही. त्याऐवजी गडातून नुकतीच बाहेर आलेली वस्तू कोणाकडे आहे, एवढं ठरवा. महिन्यापूर्वी पळून आलेला एक कैदी आहे आणि त्याच्या पायात अजून तिथली बेडी आहे. तो ती काढू देत नाही, कारण बेडी निघाली की त्याचा माग लागतो अशी त्याची पक्की समजूत आहे. विसाव्या लेव्हलच्या पात्रालाही या माणसाशी बोलावंच लागतं. झालं, अख्खं सेशन मिळालं, आणि विझार्डच्या हातून काहीही काढून घ्यावं लागलं नाही.

स्क्राइंगलाही अशाच अटी आहेत. ज्याच्यावर नजर ठेवायची त्याला सेव्ह (वीस बाजूंचा फासा टाकून स्पेल टाळायची संधी) मिळतो, आणि तो यशस्वी झाला तर पुढचे 24 तास त्याच्यावर पुन्हा प्रयत्न करता येत नाही. पण त्याचा केस किंवा नखाचा तुकडा हाती असेल तर त्याच्या सेव्हमधून 10 वजा होतात. न्हाव्याला फितवणं, चितेजवळ थांबणं, कंगवा चोरणं ही सगळी उंच लेव्हलची साहसं आहेत. मेलेल्याला उठवायला हिरे लागतात: रेज डेडला 500 सोन्याच्या नाण्यांचा, रिझरेक्शनला 1,000चा आणि ट्रू रिझरेक्शनला 25,000चे, आणि ते वापरताच संपतात. एवढे हिरे एका गावात नसतातच. जगातले सगळे मोठे हिरे कोणीतरी गुपचूप विकत घेत आहे, एवढी एक बातमी पार्टीच्या कानावर घाला आणि टेबलावरची शांतता ऐका.

विश हा नवव्या, म्हणजे सर्वात वरच्या दर्जाचा स्पेल डीएमला सर्वात जास्त घाबरवतो. दुसऱ्या स्पेलची नक्कल करण्यापलीकडे त्याच्याकडून काही मागितलं, तर तो पुन्हा कधीच टाकता न येण्याची शक्यता 33 टक्के आहे. ही गोष्ट खेळाडूला आधीच स्पष्ट सांगा. शब्दांत पकडून इच्छेचं वाटोळं करण्यात मला कधीच अर्थ वाटला नाही. एवढी मोठी किंमत पत्करून कोणी काही मागत असेल तर ते त्याला नीट मिळू द्या.

पायरी 3 : एकाच वेळी तीन ठिकाणी आग लावा

चौथ्या लेव्हलला प्रश्न असतो, हे आपल्याला जमेल का? सतराव्याला जवळजवळ सगळंच जमतं. म्हणून प्रश्न बदला: यातलं आधी काय करायचं? राजधानीत रात्री विधी पूर्ण होणार आहे, उत्तरेचं बंदर वेढलेलं आहे, आणि पार्टीचा जुना गुरू प्लेन ऑफ फायरमध्ये (आगीच्या मितीत) अडकला आहे. तिन्ही संकटं पार्टी एकेकटी सहज निपटेल. तिन्ही एका रात्रीत निपटणार नाहीत. जे राहील त्याचं काय होईल ते आधी लिहून ठेवा आणि पाठ फिरवल्यावर ते खरोखर होऊ द्या.

यातून विश्रांतीचा प्रश्नही सुटतो. लाँग रेस्ट, म्हणजे खर्च झालेलं बळ परत देणारी विश्रांती, आठ तासांची असते. वेळ मुबलक असेल तर पार्टी प्रत्येक लढाईत सगळं बळ ओतते आणि झोपून परत येते. मग कोणताही शत्रू पुरा पडत नाही. घड्याळ चालू ठेवा. पुढे काय येणार हे ठाऊक नसलं की सातव्या दर्जाचा स्पेल आत्ता टाकावा की ठेवावा यावर टेबलावर खरी चर्चा होते.

पायरी 4 : शत्रूलाही हे जग माहीत असू द्या

तीनशे वर्षं जगलेल्या लिचने (मरणानंतरही टिकून राहिलेल्या जादूगाराने) टेलिपोर्ट हा शब्द ऐकलेला असणारच. त्याच्या दालनावर टेलिपोर्टने आत येणं रोखणारा फॉरबिडन्स असेल, सल्लामसलतीच्या खोलीवर दुरून डोकावणं रोखणारा प्रायव्हेट सँक्टम असेल. मग हे माझ्या त्या जादूबंद किल्ल्यापेक्षा वेगळं कसं? हे स्पेल नियमात आहेत, त्यांना सीमा आहेत आणि ते तोडता येतात. फॉरबिडन्स एका जागी कायमचा बसवायला तो सलग 30 दिवस टाकावा लागतो, म्हणजे मागच्या आठवड्यात बांधलेल्या बुरुजावर तो अजून पक्का झालेला नाही. खेळाडूने ही फट शोधली की तिला ती मिळालीच पाहिजे.

पायरी 5 : लढाईत एकटा शत्रू ठेवू नका

लिचला पुस्तकात सरासरी 135 हिट पॉइंट (इजा सोसायची ताकद) आहेत. उल्कांचा वर्षाव करणाऱ्या मीटिअर स्वॉर्मचं डॅमेज 40 डी-सिक्स, म्हणजे सहा बाजूंचे 40 फासे, सरासरी 140. सेव्ह हुकला तर तुमचा खलनायक पहिल्याच टर्नला राख. त्याला बाजूला साथीदार द्या, अंतर द्या, आडोसा द्या. दुसऱ्याचा स्पेल हाणून पाडणारा काउंटरस्पेल 60 फुटांपर्यंतच पोचतो आणि समोरचा स्पेल टाकताना दिसावा लागतो, हे शत्रूलाही ठाऊक असतं.

लेजंडरी रेझिस्टन्स, म्हणजे हुकलेला सेव्ह यशस्वी ठरवायची मोठ्या शत्रूंची सोय, बहुधा तीन असतात. शत्रूने त्यातला एक वापरला की ते मोठ्याने सांगा. ‘सेव्ह झाला’ एवढंच म्हटलं तर खेळाडूला आपला स्पेल फुकट गेला असं वाटतं. ‘ड्रॅगनच्या कपाळावरचं एक तेजस्वी खवलं तडकून खाली पडलं, आता दोन उरलीत’ असं सांगितलं तर तिने काहीतरी मिळवलेलं असतं.

सर्वात जास्त काळजी सेव्हची घ्या, कारण इथे गणितच खेळाडूच्या विरुद्ध जातं. एन्शंट रेड ड्रॅगनच्या भीतीविरुद्धचा विझडम (मनोबलाचा) सेव्ह 21चा आहे, म्हणजे फासा आणि बोनस मिळून 21 लागतात. ज्या फायटरचा (लढवय्याचा) विझडम सेव्हचा बोनस शून्य आहे त्याने वीस टाकले तरी तो वाचत नाही. तो शूर माणूस पूर्ण लढाई लांब उभा राहतो, आणि त्याचा खेळाडू तासभर इतरांचे डाइस बघत बसतो. म्हणून लढाईच्या आदल्या दिवशी कोणा जाणत्याच्या तोंडून हीरोज फीस्टची, म्हणजे जादूच्या मेजवानीची, आठवण करून द्या. तो जेवला की भीती लागतच नाही.

आणि लढाईत मारण्यापलीकडे काहीतरी चालू ठेवा. लाव्ह्यावर साखळीला पिंजरा टांगलेला आहे, दर फेरीला एक कडी वितळते, चौथ्या फेरीला पिंजरा पडेल. ड्रॅगनचे 546 हिट पॉइंट तेवढ्यात संपणार नाहीत.

पायरी 6 : टेबलाचा वेग राखा

मॉन्स्टरचं डॅमेज मोजत बसू नका, पुस्तकातली सरासरी घ्या. खेळाडूंना मूठभर डाइस टाकू द्या, तो आनंद त्यांचा आहे. बेरीज शेजाऱ्याने करावी. टर्न कोणाची आहे हे सांगताना पुढची कोणाची तेही सांगा. मॉन्स्टरचे वीस स्पेल असले तरी पहिल्या तीन फेऱ्यांचे तीन निवडून कागदाच्या डोक्यावर लिहा, कारण तो चौथी फेरी बहुधा पाहत नाही.

पायरी 7 : शेवटाला एक तास राखून ठेवा

विसाव्या लेव्हलच्या पुढे या आवृत्तीत लेव्हल नाहीत, त्यामुळे शेवट कधी हे तुमच्या हातात आहे. दोन-तीन सेशन आधी प्रत्येक खेळाडूला एकट्याला विचारा: तुझ्या पात्राला अजून काय करायचं राहिलं आहे? माझ्या शेवटच्या कॅम्पेनमध्ये बार्बेरियन खेळणारा म्हणाला, पहिल्या सेशनमध्ये ज्या खानावळीचं दार मी फोडलं ते मला दुरुस्त करून द्यायचं आहे. खलनायक रात्री नऊला मेला. दहापर्यंत आम्ही ते दार बसवत होतो: कोणी बिजागरी धरली, विझार्डने स्पेल न टाकता खिळे दिले, आणि खानावळीच्या म्हातारीने तेव्हाच्या नुकसानाचे तीन रुप्याचे तुकडे मोजून मागून घेतले.