लिनक्सवर नवी प्रोसेस कशी काढावी, आणि मेल्यावर तिचं काय करावं

थोडंफार सी येतं, लिनक्सचं टर्मिनल समोर उघडं आहे आणि जीसीसी बसवलेलं आहे, एवढं मी धरून चालतो. नसेल तर आधी ते करून या.

पहिलं काम फोर्क, म्हणजे चालू प्रोसेसपासून (चालत्या प्रोग्रामपासून) तिच्यासारखीच दुसरी काढणं. हे फंक्शन एकदा बोलवायचं, उत्तर दोनदा येतं. पेरेंटला (मूळ प्रोसेसला) चाइल्डचा (नव्या प्रोसेसचा) पीआयडी, म्हणजे ओळख-क्रमांक, मिळतो, चाइल्डला शून्य. उणे एक आलं तर चाइल्ड जन्मलंच नाही. ही उणे एकची तपासणी बरेच जण गाळतात. पुढे कधीतरी तोच उणे एक पीआयडी समजून किलला (प्रोसेसला सिग्नल पाठवणाऱ्या फंक्शनला) दिला जातो, आणि किलच्या भाषेत उणे एक म्हणजे 'ज्यांना मारायची परवानगी आहे त्या सगळ्यांना मार'. तेव्हा गाळू नका.

'फोर्क केला की सगळी मेमरी कॉपी होते' असं कुणी शिकवत असेल तर त्याचं पुढचं ऐकायची गरज नाही. कर्नल (लिनक्सचा गाभा) नवा टास्क स्ट्रक्ट, म्हणजे प्रोसेसची आपल्याकडची नोंद, बनवतो, नवा पीआयडी देतो, उघड्या फाइलींचा तक्ता आणि पेज टेबल (मेमरीचं कोणतं पान कुठे आहे याची यादी) यांची नक्कल करतो. खरी पानं, म्हणजे नेहमीच्या पीसीवर ४०९६ बाइटांचे तुकडे, दोघांत सामायिकच राहतात, फक्त त्यांवर 'लिहायला बंदी' अशी खूण होते. दोघांपैकी कुणीही लिहायला गेलं की पेज फॉल्ट होतो (लिहिणं अडतं, काम कर्नलकडे जातं) आणि कर्नल तेवढ्या एकाच पानाची प्रत काढून देतो. हेच कॉपी-ऑन-राइट. प्रोसेस कित्येक जीबींची असेल तर पेज टेबलची नक्कलसुद्धा जाणवण्याइतका वेळ खाते, हे मात्र खरं. पेरेंट आधी धावेल की चाइल्ड, यावर काहीही अवलंबून ठेवू नका.

दुसरं काम एक्झेक, म्हणजे प्रोसेसमध्ये दुसरा प्रोग्राम चढवणं. चाइल्डमध्ये लगेच करायचं. पीआयडी तोच राहतो, आतला प्रोग्राम बदलतो. क्लोज-ऑन-एक्झेक (एक्झेक होताच फाइल बंद करायची खूण) लावलेलं नसेल तर उघड्या फाइलीही तशाच राहतात. एक्झेक परत आलं याचा अर्थ ते फसलं. तिथे अंडरस्कोरवालं एक्झिट वापरा. साध्या एक्झिटने पेरेंटकडून आलेला प्रिंटएफचा बफर पुन्हा रिकामा होतो आणि लॉगमध्ये एकच ओळ दोनदा दिसते.

आता तिसरं काम, वेट, म्हणजे मेलेल्या चाइल्डचा निकाल पेरेंटने घेणं. माझे दिवस इथे गेले.

मी एक सर्व्हिस लिहिली होती. प्रत्येक विनंतीला एक फोर्क, चाइल्ड काम करून मरणार. चाइल्ड मेलं की कर्नल पेरेंटला सिगचाइल्ड हा सिग्नल पाठवतो, म्हणून हँडलर (सिग्नल आला की चालणारं फंक्शन) लावला आणि त्यात एक वेट टाकला. माझ्या मशीनवर झकास चाललं. सर्व्हरवर आठवडाभराने फोर्क उणे एक द्यायला लागला, एररनोमध्ये (शेवटच्या चुकीचा क्रमांक जिथे असतो तिथे) ईअगेन, म्हणजे 'आत्ता जमत नाही, पुन्हा बघ'. मेमरी तर मुबलक मोकळी. पीएस (प्रोसेसची यादी दाखवणारी कमांड) चालवलं तर पानंच्या पानं 'डिफंक्ट', स्थितीच्या रकान्यात झेड. झोंबी. मी भाबडेपणाने त्यांच्यावर किल उणे नऊ (सक्तीने मारणारी कमांड) सोडलं. मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही. एकही हललं नाही.

झोंबी मेमरी खात नाही, ती मरतानाच सुटलेली असते. उरते फक्त कर्नलमधली नोंद: पीआयडी आणि एक्झिट कोड. पेरेंट येऊन मृत्यूचा दाखला घेऊन जाईपर्यंत कर्नल ती नोंद मिटवत नाही, आणि तोवर ती त्या युजरच्या प्रोसेस-मर्यादेत मोजली जाते. माझी मर्यादा अशा दाखल्यांनीच भरली होती.

मग माझ्या हँडलरमधला वेट करत काय होता? साधे सिग्नल रांगेत उभे राहत नाहीत. सिगचाइल्ड 'आला आहे' एवढीच एक खूण असते, कितीदा आला याची मोजदाद नसते. दारावर तीन पाहुणे आहेत, तिघांनी बेल दाबली, तुम्हाला एकदाच ऐकू आली, आणि तुम्ही एकाला आत घेऊन दार लावून टाकलंत. माझ्या मशीनवर पाहुणे एकेकटे यायचे, म्हणून कधी कळलं नाही.

बरोबर पद्धत अशी: हँडलरमध्ये वेटपीआयडीला पहिलं आर्ग्युमेंट उणे एक, शेवटचं डब्ल्यूनोहँग (मेलेलं कुणी नसेल तर थांबू नकोस), आणि हे लूपमध्ये. उत्तर शून्य किंवा उणे एक येईपर्यंत फिरायचं. डब्ल्यूनोहँग विसरलात तर एक जरी चाइल्ड जिवंत असेल तोवर हँडलर तिथेच अडकतो आणि सर्व्हिस ठप्प. हीही चूक मी केली आहे, तीही दुरुस्ती म्हणून. आत शिरताना एररनो जपून ठेवा, निघताना परत टाका. हँडलरमध्ये प्रिंटएफ नको.

या प्रश्नावर मला मिळालेला पहिला सल्ला होता, 'रोज पहाटे सर्व्हिस रीस्टार्ट करणारा क्रॉन (ठरल्या वेळी चालणारं काम) लावून टाक.' पेरेंट मेला की झोंबी एक नंबरच्या (पीआयडी १ असलेल्या, सगळ्यांत आधी सुरू होणाऱ्या) प्रोसेसकडे जातात, ती दाखले घेते आणि नोंदी मिटतात, त्यामुळे हा उपाय चालतो. म्हणूनच तो वाईट. दुसरा सल्ला, सिगचाइल्ड इग्नोर करा. कर्नल मग झोंबी ठेवतच नाही, पण एक्झिट कोडही हातचा जातो. चाइल्ड यशस्वी झालं की आपटलं, हे ज्याला कधीच विचारायचं नाही त्याने खुशाल करावं.

पटत नसेल तर करून बघा. चाइल्डला लगेच संपवा, पेरेंटला ६० सेकंद झोपवा, आणि दुसऱ्या खिडकीत पीएस. झेड समोर दिसेल. मग वेटने दिलेला स्टेटस छापला आणि २५६ आलं तर दचकू नका, चाइल्डने १ परत केला आहे. तो वरच्या आठ बिटांत असतो, त्यासाठीचा मॅक्रो वापरा.

डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या डब्यात चालवणाऱ्या साधनात) बहुतेक वेळा तुमचाच प्रोग्राम एक नंबरची प्रोसेस असतो, म्हणजे अनाथ पोरांचे दाखलेही तुम्हीच घ्यायचे. ती कटकट नको तर डॉकर रनला इनिटचा पर्याय द्या.

प्रोसेसमध्ये थ्रेड (एकाच मेमरीत समांतर धावणारे धागे) असतील तर हाताने फोर्क करू नका. चाइल्डमध्ये फक्त फोर्क करणारा थ्रेड येतो. दुसऱ्या थ्रेडने धरलेलं कुलूप तसंच बंद येतं आणि ते उघडणारा कुणी उरत नाही. पॉझिक्स स्पॉन हे फंक्शन वापरा, ते फोर्क आणि एक्झेक एकत्र करतं.

आणि हे सगळं एस-ट्रेसमध्ये (प्रोग्राम कर्नलला कोणते कॉल करतो ते दाखवणाऱ्या साधनात) बघायला गेलात तर फोर्क नावाची कॉल सहसा सापडणार नाही. जीलिबसीचा (लिनक्सवरच्या सी लायब्ररीचा) फोर्क खाली क्लोन बोलावतो. शोधताना क्लोन शोधा.