हद्दीपलीकडचा आरोपी आणि माझी पहिली दोन वर्षं

एलएल.बी. झाल्यावर मी मुंबईत फोर्टमधल्या एका फौजदारी वकिलांकडे ज्युनियर म्हणून लागले. सर सरकारी पक्षाची कामं घेत. संघटित गुन्हेगारी म्हणजे टोळ्या, चकमकी, भरगच्च कोर्ट अशी माझी कल्पना होती. मिळाल्या फायली, त्यातही बहुतेक भाषांतराच्या.

पहिल्याच महिन्यात सरांनी गँगस्टर अबू सालेमच्या खटल्यातले निकाल क्रमाने वाचायला लावले. या क्षेत्रात येणाऱ्याने मोक्का, म्हणजे महाराष्ट्राचा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा, पाठ करण्याआधी हेच वाचावं असं मी आजही म्हणेन. सालेम सप्टेंबर 2002 मध्ये पोर्तुगालमध्ये, लिस्बनला पकडला गेला, भारताच्या ताब्यात आला नोव्हेंबर 2005 मध्ये. तेव्हा पोर्तुगालशी आपला प्रत्यार्पणाचा, म्हणजे आरोपी एकमेकांच्या ताब्यात देण्याचा, करारसुद्धा नव्हता. तिथे फाशी नाही, जन्मठेप नाही, कमाल शिक्षा 25 वर्षं. म्हणून डिसेंबर 2002 मध्ये तत्कालीन उपपंतप्रधान अडवाणींनी लेखी हमी दिली: फाशी होणार नाही, 25 वर्षांहून जास्त कैद होणार नाही.

पुढे 1993 च्या बॉम्बस्फोट खटल्यात टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालच्या न्यायालयाने 2017 साली त्याला जन्मठेप दिली. मग त्या हमीचं काय? सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2022 मध्ये सांगितलं की न्यायालय कायद्यानुसार शिक्षा देऊ शकतं, पण 12 ऑक्टोबर 2005 पासून 25 वर्षं भरली की सरकारला आपला शब्द पाळावा लागेल. म्हणजे हिशेब 2030 पर्यंत येतो. स्फोटांत माणसं गमावलेल्यांना हे कसं वाटत असेल, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. पण शब्द मोडला तर पुढचा आरोपी आपल्याला कोण देणार?

त्याच प्रकरणातली दुसरी गोष्ट नवख्यांच्या हमखास नजरेतून सुटते. ज्या गुन्ह्यांसाठी माणूस दिला गेला, त्याच गुन्ह्यांचा खटला चालवता येतो. प्रत्यार्पण कायदा, 1962 चं कलम 21 हेच सांगतं. सालेमवर जादा आरोप लागले, पोर्तुगालच्या न्यायालयांनी आक्षेप घेतला आणि शेवटी ते आरोप मागे घेण्याची परवानगी 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडून घ्यावी लागली. तेव्हापासून अशी फाईल हातात आली की मी आरोपपत्राआधी प्रत्यार्पणाचा आदेश वाचते.

माझी स्वतःची फजिती मात्र छोटी आणि अगदी टाळता येण्याजोगी होती. एका देशातल्या बँक खात्यांची कागदपत्रं मागवायचं विनंतीपत्र मी लिहिलं. वकिली भाषेत 'लेटर रोगेटरी'. आठ पानं, त्यातली तीन नुसत्या मोक्काच्या कलमांची. मला वाटलं, काय भारी मसुदा झालाय! कित्येक महिन्यांनी प्रश्न आले: हा कायदा कशाचा? या खात्याचा गुन्ह्याशी संबंध काय? 'टोळीप्रमुख' याचं भाषांतर तर असं झालं होतं की तो एखाद्या संस्थेचा अध्यक्ष वाटावा.

सर ओरडले नाहीत, फक्त म्हणाले, "अगं, त्यांना आपलं कलम नको, आपली गोष्ट हवी." परदेशातला अधिकारी पाहतो की हे कृत्य त्याच्या देशातही गुन्हा आहे का. त्याला मोक्का ठाऊक असण्याचं कारण नाही, पण खंडणी आणि खून सगळीकडे कळतात. दुसऱ्या मसुद्यात मी कोणी, कोणाकडून, कोणत्या तारखेला पैसे उकळले आणि ते कोणत्या खात्यात गेले, एवढंच लिहिलं. तीन पानं झाली. कागद आले, थोडे अपुरे, पण आले.

आता तुमच्यासाठी एक युक्ती. संघटित गुन्हेगारीविरुद्धचा संयुक्त राष्ट्रांचा पालेर्मो करार 2000 चा आहे आणि भारताने तो 2011 मध्ये मंजूर केला. सगळा वाचायला वेळ नसेल तर निदान कलम 18 चा परिच्छेद 15 काढा. विनंती कोण करतंय, तपास कशाचा आहे, तथ्यं काय, हवं काय आणि कशासाठी, हे सगळं त्यात आहे. मी त्याची प्रत टेबलाच्या काचेखाली ठेवलीय. नवीन ज्युनियर आला की आधी ती काच पुसायला सांगते.