इलेक्ट्रिक गाडीची ब्रेक लाईट मागच्याला वेळेत दिसावी म्हणून काय करावं?

बोरघाट उतरताना इलेक्ट्रिक गाडी चालवणाऱ्याला ब्रेकवर पाय ठेवायची फारशी गरज पडत नाही. ॲक्सिलरेटर सोडला की मोटरच जनरेटर होते, गाडी आवरते आणि बॅटरीत थोडी वीजही परत जाते. यालाच रीजन (रीजनरेटिव्ह ब्रेकिंग) म्हणतात. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला यातलं काही दिसत नाही. पुढची गाडी हळू होतेय हे त्याला कळायला एकच खूण असते, मागचा लाल दिवा. तो उशिरा लागला, किंवा लागूनही रात्री सतत जळणाऱ्या टेल लॅम्पच्या लालीत हरवला, तर अंतर भराभर संपतं.

म्हणून या कामाची सुरुवात नवा एलईडी बार विकत घेऊन करू नका. आधी आपल्या गाडीची लाईट नेमकी कधी लागते ते तपासा, मग आहे तीच नीट करा. एवढं झाल्यावर गरज उरली तरच काही बसवा. माझ्या मते निम्म्याहून जास्त गाड्यांचं काम दुसऱ्या टप्प्यातच संपतं.

रीजनवर लाईट लागते का, ते आधी पाहा

संयुक्त राष्ट्रांचा ब्रेकविषयीचा 13-एच हा नियम जगातल्या बऱ्याच देशांत पाळला जातो. त्यानुसार ॲक्सिलरेटर सोडल्यावर रीजनमुळे गाडीचा वेग दर सेकंदाला 1.3 मीटर प्रति सेकंदापेक्षा जास्त घटत असेल, तर ब्रेक लाईट लागलीच पाहिजे. ही घट 0.7 पर्यंत असेल तर लागता कामा नये. मधल्या पट्ट्यात कंपनीची मर्जी. स्पीडोमीटरच्या भाषेत सांगायचं तर 1.3 म्हणजे सेकंदाला साधारण 4.7 किलोमीटर प्रतितास आणि 0.7 म्हणजे अडीच.

याची चाचणी घरच्या घरी करता येते. संध्याकाळी मोकळा, सपाट रस्ता गाठा. मागे दुसऱ्या गाडीत ओळखीचं कुणीतरी भरपूर अंतर ठेवून येऊ दे आणि त्याच्या शेजारी बसलेल्याने मोबाईलवर व्हिडिओ घ्यावा. तुम्ही 60 वर जा, ब्रेकला पाय न लावता ॲक्सिलरेटर पूर्ण सोडा. तुमच्या गाडीत शेजारी बसलेल्याला 60 ते 50 यायला लागलेला वेळ मोजायला सांगा. दोन सेकंद लागले तर घट 1.4 च्या आसपास आहे, लाईट लागायलाच हवी. चार सेकंद लागले तर ती न लागणं बरोबर आहे. टियागो ईव्हीसारख्या गाडीत रीजनच्या 0 ते 3 अशा पातळ्या असतात. प्रत्येक पातळीवर ही चाचणी वेगळी करा.

मग खरी परीक्षा. या वेळी ॲक्सिलरेटर पूर्ण सोडू नका, हळूहळू उचला, तळाशी थोडा दाब ठेवूनच गाडी मंद होऊ द्या. 2023 मध्ये ह्युंदाईच्या आयोनिक 5 बद्दल अमेरिकेत हाच मुद्दा गाजला होता. एका पेडलवर चालवायच्या मोडमध्ये ॲक्सिलरेटरवर किंचित जरी पाय असला, तरी गाडी जवळजवळ थांबेपर्यंत ब्रेक लाईट लागत नव्हती.

तुमच्या गाडीत असं आढळलं, तर वायरिंगने ते सुटणार नाही. तो सॉफ्टवेअरचा प्रश्न आहे. व्हिडिओ घेऊन सर्व्हिस सेंटरला जा, तक्रार लेखी द्या आणि अपडेट आहे का विचारा. तोवर गर्दीत आणि घाटात रीजनची पातळी एकने कमी ठेवा आणि वेग कमी करताना ब्रेक पेडल हलकेच दाबा. पेडल जेमतेम दाबलं तरी दिवा लागतो.

आहेत ते दिवे पुरते पेटवा

हे काम सगळ्यात स्वस्त आहे आणि त्याचा फायदा सगळ्यात मोठा आहे.

लेन्स आधी साबणाच्या पाण्याने धुवा. टेल लॅम्पची लेन्स बहुधा ॲक्रिलिकची असते, त्यामुळे पेट्रोल, थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर लावू नका. बारीक तडे जातात आणि ते परत भरून येत नाहीत. लेन्स धुरकट झाली असेल तर प्लॅस्टिक पॉलिश आणि मऊ कापड घ्या. धूर रंगाची फिल्म किंवा काळा स्प्रे मारलेला असेल तर आजच काढा. उन्हात तसा दिवा पेटलाय की विझलाय हे वीस फुटांवरूनही कळत नाही.

आता आतलं. नव्या गाड्यांत मागे सगळं एलईडीचं असतं आणि आत बदलण्यासारखं काही नसतं. पण खालच्या व्हेरियंटमध्ये आणि जुन्या गाड्यांत अजून बल्ब सापडतात. बऱ्याचदा टेल आणि ब्रेक यांचा मिळून दोन फिलामेंटचा 21/5 वॅटचा बल्ब असतो. इलेक्ट्रिक गाडीतही हे दिवे बारा व्होल्टवरच चालतात. मोठ्या पॅकमधली वीज डीसी-डीसी कन्व्हर्टरमधून उतरून छोट्या बॅटरीत येते आणि तिथून दिव्यांना मिळते.

डिकीच्या आतलं कव्हर काढा, टेल लॅम्पचे नट सोडा, दिवा सरळ मागे ओढा. होल्डर फिरवून बाहेर काढा आणि संपर्काच्या पितळी पट्ट्या नीट बघा. कोकणात किंवा मुंबईत एक-दोन पावसाळे काढलेल्या गाडीत तिथे हिरवट पूड दिसते. बल्बचा बूड काळा पडलेला असतो, कधी होल्डरचं प्लॅस्टिक तपकिरी होऊन थोडं वितळलेलं असतं. पूड बारीक ब्रशने आणि कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ होते. वितळलेला होल्डर मात्र बदलायचाच.

मग मल्टीमीटर लावा. ब्रेक दाबून धरायला कुणाला तरी बसवा आणि होल्डरच्या अर्थपासून (वीज बॉडीकडे परत नेणाऱ्या तारेपासून) बॉडीच्या कोऱ्या धातूपर्यंत व्होल्टेज मोजा. 0.1 ते 0.2 व्होल्टच्या वर आकडा गेला तर अर्थ कच्चा आहे. अर्थचा स्क्रू काढा, खालचा रंग-गंज घासा, परत घट्ट आवळा. एवढ्याशा व्होल्टेजने काय होतं असं वाटेल. फिलामेंटच्या बल्बला व्होल्टेज दहा टक्के कमी मिळालं की उजेड जवळपास तीस टक्क्यांनी घटतो. ब्रेक दाबल्यावर त्या बाजूचा टेल दिवा मंद होत असेल किंवा इंडिकेटर अर्धवट मिणमिणत असेल, तर मीटरशिवायही ओळखा की अर्थ गेलेला आहे.

लॅम्प परत बसवताना मागचा फोमचा गॅस्केट नीट बसलाय ना ते पाहा. पाणी तिथूनच शिरतं.

बल्बच्या जागी एलईडी लावायचा का?

फिलामेंट तापून पूर्ण पेटायला सेकंदाचा साधारण पाचवा भाग जातो, एलईडी जवळजवळ लगेच पेटतो. ताशी 100 च्या वेगात तेवढ्या वेळात मागची गाडी साडेपाच मीटर पुढे येते. हा फायदा खरा आहे आणि तो मला मोलाचा वाटतो.

अडचण रिफ्लेक्टरची आहे. तो फिलामेंटच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. एलईडीच्या चिप दुसरीकडे बसल्या की मध्ये झगझगीत ठिपका आणि कडेला अंधार, असं होतं. शेजारच्या लेनमधल्या मोटरसायकलवाल्याला मग काहीच दिसत नाही. त्याहून वाईट म्हणजे स्वस्त एलईडी बल्बमध्ये टेल आणि ब्रेक यांच्या उजेडात फरकच थोडा असतो. युरोपातल्या नियमांत टेल लॅम्पला किमान 4 कॅन्डेला आणि ब्रेक लाईटला किमान 60 कॅन्डेला तीव्रता लागते. डोळ्याला इशारा मिळतो तो या फरकातून. नुसता जास्त उजेड पाडून ते काम होत नाही.

तरीही लावायचाच असेल, तर लाल लेन्समागे लाल एलईडीच घ्या. पांढऱ्या एलईडीच्या प्रकाशात लाल भाग कमी असतो, त्यामुळे लेन्समधून त्यातलं थोडंच बाहेर येतं. लावल्यावर रात्री पंधरा पावलं मागे जा, मग दोन्ही बाजूंना तिरके उभे राहा, आणि टेल चालू ठेवून कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. फरक पटकन जाणवला नाही तर जुना बल्ब परत लावा. एलईडी कमी वीज खातो म्हणून काही गाड्या बल्ब गेल्याची खोटी सूचना देतात. ती घालवायला रेझिस्टर जोडायचा सल्ला बाजारात मिळतो. तो रेझिस्टर चटका बसेल इतका तापतो आणि डिकीच्या प्लॅस्टिकला टेकला तर आग लागू शकते. माझा या उपायाला स्पष्ट विरोध आहे.

तिसरी ब्रेक लाईट

1974 मध्ये मानसशास्त्रज्ञ जॉन व्होएव्होडस्की यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या टॅक्सींवर मध्यभागी एक जादा ब्रेक लाईट लावून पाहिली आणि मागून बसणाऱ्या धडका बऱ्याच कमी झाल्या. पुढे 1986 च्या मॉडेलपासून अमेरिकेत कारना ही लाईट सक्तीची झाली. ती टेल लॅम्पपासून दूर, एकटी आणि उंचावर असते. टेलसाठी कधीच पेटत नाही, त्यामुळे ती लागली की अर्थ एकच. शिवाय दोन गाड्या सोडून मागे असलेल्यालाही ती मधल्या गाडीच्या काचांतून दिसते. टेल लॅम्पच्या जागी रुंद चकाकती पट्टी असलेल्या आजच्या गाड्यांत तर हिची गरज जास्तच आहे.

तुमच्या गाडीत ती असेल तर चालते का बघा. आतली धूळ पुसा, मागच्या काचेवरचे स्टिकर आणि पार्सल ट्रेवरचं सामान तिच्या आड येतंय का ते पाहा. नसेल, तर त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटचा कंपनीचा भाग पहिल्यांदा विचारा. बऱ्याचदा तिच्या तारा जोडायचा कपलर आत गुंडाळून ठेवलेला असतो. तो नसेल तर बाहेरची लाईट घ्या, पण लेन्सवर गोलात ई आणि आकडा, शेजारी एस3 (म्हणजे तिसरी ब्रेक लाईट) अशी खूण असलेलीच.

कामाला हात घालण्यापूर्वी चार्जर काढा, गाडी बंद करा आणि डिकी उघडी ठेवा. अनेक गाड्यांत डिकीचं कुलूप विजेवर चालतं, बॅटरी सोडल्यावर ते बाहेरून उघडणार नाही. दहा-पंधरा मिनिटांनी, गाडीची यंत्रणा झोपली की, दहाच्या पान्याने बारा व्होल्टच्या बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा. नारिंगी रंगाच्या केबलला कुठेही हात लावू नका. तिच्यात अनेक गाड्यांत 300 ते 400 व्होल्ट असतात. चार्जिंगचं सॉकेट मागच्या फेंडरवर असेल तर ती केबल आतल्या पॅनेलमागेच असते. त्या बाजूला ड्रिल अजिबात चालवू नका.

लाईटची जागा गाडीच्या मध्यरेषेवर, दोन्ही टेल लॅम्पच्या वर हवी. काचेला आतून चिकटवणार असाल तर जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. डिफॉगरच्या (काच तापवून धुकं घालवणाऱ्या) रेषांवर चिकटपट्टी लावू नका, पुढे काढताना रेष उखडते. लाईटच्या आतल्या बाजूला काळा फोम लावा, नाहीतर रात्री प्रत्येक ब्रेकला तुमच्याच आरशात लाल झळ येईल.

वायर 0.5 चौरस मिलिमीटरची पुरते. बॉडीतून डिकीच्या दारात जाणारी जी रबरी नळी असते, तिच्यातूनच ती न्या, आणि दार पूर्ण उघडलं तरी ताण येणार नाही एवढी सैल ठेवा. बाजूच्या खांबात पिवळा कपलर दिसला तर तो एअरबॅगचा आहे, त्याच्यापासून लांब राहा.

ब्रेकची तार शोधायला बॅटरी तात्पुरती जोडा आणि मीटर लावा. ब्रेक दाबल्यावर बारा-चौदा व्होल्ट, सोडल्यावर शून्य. मग टेल लॅम्प लावून परत मोजा, आताही शून्यच हवं. मधलाच काही आकडा आला तर तीच तार टेलसाठीही कमी वीज पाठवते आहे. तिला जोडलं तर तिसरी लाईट रात्रभर मंद जळत राहील. दुसरी तार शोधा. सापडली की बॅटरी परत सोडा, मग जोडणी करा.

जोडणी शक्यतो कंपनीच्या कपलरमध्ये बसणाऱ्या तयार हार्नेसने (तारांच्या जुडग्याने) करा. तार न सोलता दाबून बसणारे निळे चिमटे टाळा, दमट हवेत त्यांच्याखाली तांबं हिरवं पडतं. तार जोडावीच लागली तर डाग देऊन हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा आणि सुरुवातीलाच 1 ॲम्पिअरचा फ्यूज घाला. लाईट खाते पाव-अर्धा ॲम्पिअर, तेवढा फ्यूज पुष्कळ. गाडी बंद असताना नवी लाईट मंद लुकलुकली, तर कंट्रोल युनिट त्या तारेवर तपासणीचे झटके पाठवतंय. मग हे काम त्या ब्रँडची गाडी माहीत असलेल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे द्या.

कायदा आणि वॉरंटी

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 फेरफारांबद्दल आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182अ खाली नियमबाह्य फेरफारासाठी प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून मूळ दिव्यांचा रंग, जागा आणि काम बदलू नका. ब्रेक दाबला की लुकलुकणारे मॉड्यूल तर नकोच. जोरात ब्रेक लागल्यावर दिवे चमकवायची सोय काही गाड्यांत कंपनीकडूनच असते, पण ती वेग आणि घट मोजून चालते. सतत लुकलुकणाऱ्या दिव्यामुळे मागच्याला तुम्ही ब्रेक सोडलाय की धरलाय हेच कळत नाही. काम करण्याआधी सर्व्हिस सेंटरला वॉरंटीबद्दल विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

बॅटरी जोडल्यावर गाडी चालू करून डॅशबोर्डवर काही सूचना येते का ते बघा. टेल, ब्रेक, इंडिकेटर, रिव्हर्स एकेक करून आणि मग दोन-दोन एकत्र लावा. रीजनवर मूळ दिवे लागतात तेव्हा नवी लाईटही लागते ना, हे पहिल्या चाचणीसारखाच व्हिडिओ घेऊन तपासा. पहिल्या मोठ्या पावसानंतर टेल लॅम्पच्या मागचं कव्हर काढून आत बोट फिरवा. ओल लागली तर गॅस्केट पुन्हा बसवा.