नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागायच्या आधी घरीच करून घ्या: छताला चुना, कूलरच्या ताट्या, कुंड्यांसाठी मडकी

अकोला, चंद्रपूर, नागपूरकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो हे काही नवीन नाही, पण वरच्या मजल्यावर किंवा एकमजली घरात राहणाऱ्यांना खरा त्रास दिवसापेक्षा रात्री होतो, कारण स्लॅब दिवसभर तापतो आणि ती उष्णता मग रात्री बारा-एकपर्यंत खाली सोडत राहतो, पंखा लावला की तीच गरम हवा अंगावर. म्हणून माझं म्हणणं एकच आहे, खर्च करायचाच तर पहिला पैसा छतावर करा, कूलर-एसीचं नंतर बघू. गच्ची पांढरी केली की ऊन स्लॅबमध्ये शिरायच्या आधीच बरंचसं परत जातं. अहमदाबादने 2013 मध्ये उष्णतेसाठीचा कृती आराखडा केला आणि पुढे त्यात वस्त्यांमधली छतं पांढरी करायचं काम घेतलं, तेलंगणाने तर 2023 मध्ये यासाठी वेगळं धोरणच आणलं. खोलीत साधारण 2 ते 5 डिग्रीचा फरक पडतो असं सांगतात, आणि 45 च्या उन्हात तेवढं खूप झालं.

होळी झाली की कामाला लागा, उशीर झाला तरी एप्रिल सोडू नका. आधी गच्ची झाडून तारेच्या ब्रशने घासून काढा, शेवाळाचे काळे डाग, सुटलेला जुना रंग, सगळं गेलं पाहिजे नाहीतर चुना पापुद्र्यासारखा निघून येतो. मग भेगा बघा. हीच वेळ आहे भेगा भरायची कारण आत्ता स्लॅब आतून कोरडा असतो, पावसाळ्यात ओल्या भेगेत काही भरलं तरी टिकत नाही. बारीक भेगेला हार्डवेअरच्या दुकानात क्रॅक फिलर पेस्ट मिळते, मोठी असेल तर छिन्नीने थोडी मोकळी करून, धूळ काढून भरा. बीममधूनच भेग गेली असेल किंवा लोखंड दिसत असेल तर मात्र स्वतः काही करू नका, इंजिनिअरला दाखवा. आणि पाणी जायच्या पाइपचं तोंड साफ करा, गच्चीवर पाणी साचतं ते निम्म्या वेळा तिथे पालापाचोळा अडकल्यामुळेच.

आता चुना. बाजारात दोन प्रकार मिळतात, कळीचा चुना आणि पिशवीतली विझवलेली पावडर. घरी करणार असाल तर पावडरच घ्या. कळीचा चुना पाण्यात पडला की खळाखळा उकळतो आणि उडतो, डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. घ्यायचाच असेल तर लोखंडी ड्रममध्ये पाणी आधी आणि चुना थोडा थोडा नंतर, चुन्यावर पाणी कधीच ओतायचं नाही, पोरांना जवळ येऊ द्यायचं नाही. पावडर असली तरी चष्मा आणि रबरी हातमोजे लागतातच, डोळ्यात गेलाच तर साध्या पाण्याने पंधरा मिनिटं तरी धुवायचं आणि लगेच डॉक्टरकडे.

100 स्क्वेअर फुटाला दोन-तीन किलो पावडर धरून चाला. आदल्या रात्री भिजत घाला, सकाळी जुन्या सुती कपड्यातून गाळून घ्या, पातळ ताकासारखं झालं पाहिजे. पकडीसाठी पाच किलोला पाव ते अर्धा किलो पांढरा गोंद टाकतात, फेव्हिकॉलचा डीडीएल बऱ्याच ठिकाणी वापरतात. आधी एका कोपऱ्यात लावून बघा, वाळल्यावर हात फिरवून पांढरं निघालं तर गोंद थोडा वाढवा.

लावायचा संध्याकाळीच, ऊन उतरल्यावर. गच्चीवर आधी पाणी शिंपडायचं, मग कुंच्याने पातळ थर द्यायचा. एकच जाड थर देऊन मोकळं व्हायची घाई नको, तो तडकतो. दोन-तीन पातळ थर, एक वाळला की दुसरा. दुपारी लावला तर पाणी झटकन उडून जातं आणि चुना धरायच्या आधीच भुकटी होते. शेवटचा थर वाळला की दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ हलकं पाणी मारा. पावसात हा चुना बराच धुवून जातो, दरवर्षी परत लावावा लागतो, पण स्वस्त आहे म्हणून चालतं. पैसे असतील तर पांढरं रिफ्लेक्टिव्ह वॉटरप्रूफ कोटिंग मारा, काही वर्षं बघायला नको. टिनाच्या पत्र्यावर चुना टिकत नाही, तिथे रिफ्लेक्टिव्ह पेंटच लागतो, आणि जुन्या सिमेंटच्या पत्र्यावर चढूच नका, पाय आत जातो.

कूलरचं थोडक्यात. जुन्या ताट्यांचं गवत क्षाराने दगड झालं असेल तर बदलून टाका, वाळ्याच्या ताट्या मिळाल्या तर फारच छान वास येतो. पंप उघडून धुवा, पाण्याच्या नळीची भोकं सुईने मोकळी करा. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, हे टाळू नका, दर उन्हाळ्यात आपल्याकडे कूलरचा शॉक लागून माणसं जातात. पाणी भरताना आधी प्लग काढायचा, नुसतं बटन बंद करून चालणार नाही. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासून कोरडी करा, डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटून राहतात, नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत. आणि कूलर चालू असताना समोरची खिडकी उघडी ठेवा, हवा बाहेर गेली नाही तर खोलीत नुसता दमट चिकचिकाट. कोकणात-मुंबईत तर हवाच मुळात दमट, तिकडे कूलरचा फार उपयोग नाही, छत मात्र तिथेही पांढरं करता येतं.

अंगणातल्या झाडांना मडकं पुरा. साधं, न रंगवलेलं, रंग असेल तर पाणी झिरपतच नाही. झाडाच्या बुंध्यापासून फूटभर लांब गळ्यापर्यंत पुरायचं, पाणी भरायचं, वर पणती किंवा फरशीचा तुकडा झाकायचा म्हणजे डास होत नाहीत. माती कोरडी झाली की ती आपोआप पाणी ओढून घेते, गावाला जाणार असाल तर फारच कामाचं. कुंडीत लहान मडकं बसतं. मातीवर वाळलेल्या पानांचा चार बोटं थर द्या, कडुनिंबाची पानं या दिवसांत ढिगाने मिळतात. मिरची, पालक, कोथिंबीर यांच्यावर 50 टक्के ऊन अडवणारी हिरवी नेट बांधा, पण झाडांना टेकवू नका, वर मोकळी हवा फिरली पाहिजे. मोगरा मात्र नेटखाली घेऊ नका, त्याला उघडं ऊनच लागतं, सावलीत नुसती पानं येतात आणि कळ्या धरत नाहीत.