दोन कुंड्यांचा घरगुती फ्रीज कसा करायचा (नावावरून वाद चालूच आहे)

दोन कुंड्या, मधे वाळू आणि वाळूत पाणी, बस एवढंच सामान. वीज नाही, मोटर नाही, आवाज नाही. एप्रिल-मेच्या रखरखाटात बाहेर ठेवलेली कोथिंबीर दुपारपर्यंत माना टाकते, ती यात दोन-तीन दिवस सहज टवटवीत राहते.

आता याला म्हणायचं काय, यावरून आमच्या टोळक्यात दर उन्हाळ्यात जुंपते. नागपूरवाला म्हणतो माठफ्रीज, जळगावची मैत्रीण म्हणते गारपेटी, आणि एक मित्र शेतीखात्याची पुस्तकं वाचून आलेला, तो 'शून्य ऊर्जा शीतकक्ष' सोडायलाच तयार नाही. त्यावर नागपूरवाला लगेच, "काऊन बे, कोथिंबीर ठेवायची आहे का रॉकेट सोडायचं आहे?" पण खरं सांगायचं तर शीतकक्ष ही वेगळी चीज आहे, दिल्लीच्या पुसा या शेती संशोधन संस्थेत तयार झालेली, विटांच्या दोन भिंती आणि मधल्या साडेसात सेंटीमीटरच्या फटीत वाळू, त्यात शेतकऱ्याचा साधारण १०० किलो माल बसतो. तत्त्व तेच, पण आपली वस्तू स्वयंपाकघराच्या दारात मावणारी, तर नाव पण तेवढंच मावणारं पाहिजे ना! 'गरिबाचा फ्रीज' हे मात्र मी कुणालाच म्हणू देत नाही. २००१ च्या गुजरातच्या भूकंपानंतर वांकानेरच्या मनसुखभाई प्रजापतींनी पेपरात फुटलेल्या माठाचा फोटो पाहिला, त्याखाली असंच काहीतरी लिहिलेलं होतं, आणि त्यावरून त्यांनी मातीचा खराखुरा फ्रीज करून 'मिट्टीकूल' नावाने बाजारात आणला. इतकं डोकं लावलेल्या वस्तूला गरिबाचं म्हणून कशाला हिणवायचं.

बरं, सामान. मोठी कुंडी आणि तिच्या आत सगळीकडून दोन-दोन बोटं नाही तर चांगली दीड-दोन इंच जागा राहील अशी छोटी कुंडी. दोन्ही साध्या लाल मातीच्या भाजलेल्या, रंग नको, पॉलिश नको, आतून चकचकीत तर अजिबात नको, कारण पाणी मातीतून झिरपून बाहेरच्या अंगावर आलं तरच गारवा होणार आणि रंगाने ती छिद्रंच बंद होतात. पिण्याच्या पाण्याचा माठ आणू नका, तोंड अरुंद असतं, आत हात घालून भाजी काढता येत नाही. कुंभाराकडे गेलात की 'झाडाची कुंडी, बिनरंगाची, रुंद तोंडाची' असं स्पष्ट सांगा. वाळूला नागपूरकडे रेती म्हणतात आणि गोणपाटाला कुठे बारदान म्हणतात तर कुठे तरट, यावरून पण आमच्यात तास-तास जातो, पण दुकानात जे नाव चालतं ते घ्या आणि काम उरका.

कुंडीला खाली भोक असतं ते बुजवायचं. बाहेरच्या कुंडीचं फरशीच्या तुकड्याने नाहीतर सिमेंटच्या गोळीने, आणि आतल्या कुंडीचं तर नक्कीच, नाहीतर ओलसर वाळू आतून वर येऊन भाजीचा चिखल होतो. मग दोन्ही कुंड्या रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा. कोरी माती पाणी पिते, आधीच पिऊन तृप्त झालेली असेल तर वाळूतलं पाणी तिच्या पोटात जाऊन वाया जात नाही.

वाळू जाडसर घ्या आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, गाळ राहिला तर छिद्रं बुजतात. मोठ्या कुंडीत तळाला दोन इंच वाळू, त्यावर छोटी कुंडी, दोघींची तोंडं एका पातळीत आली पाहिजेत, मग चारी बाजूंनी वाळू भरा आणि काठापासून एक इंच खाली थांबा. हळूहळू पाणी ओता, वाळू चिंब व्हायला हवी पण वर तळं साचायला नको, साचलेल्या पाण्यात डास होतात. वरून ओलं गोणपाट दुमडून झाका.

आता खरी गोष्ट, जागा. कुंडीपेक्षा जागेवर जास्त जीव लावा! सावली हवी आणि वारा हवा, दोन्ही. बंद स्टोअररूमच्या कोपऱ्यात ठेवली तर काही उपयोग नाही, कारण कुंडीच्या अंगावरची ओल वाऱ्याने उडून जाताना गरमी घेऊन जाते, हेच तर सगळं यंत्र आहे. एक लिटर पाणी उडायला जेवढी उष्णता लागते तेवढ्यात ५० लिटरहून जास्त पाणी १० अंशांनी गार होईल. अर्थात ती सगळी उष्णता कुंडीतूनच जात नाही, बरीचशी आजूबाजूच्या हवेतून येते, म्हणून हिशोब तेवढा सुटसुटीत नाही, पण ताकद केवढी आहे ते कळतं. कुंडी जमिनीवर टेकवू नका, तिवईवर किंवा तीन विटांवर ठेवा म्हणजे बुडाखालूनही हवा खेळते.

चिपळूणची मैत्रीण दरवर्षी म्हणते की हे सगळं थोतांड आहे, तिच्याकडे गारच होत नाही. आणि तिचं बरोबर आहे, पण दोष कुंडीचा नाही. बाहेर ४२ अंश आणि हवेत दमटपणा १५ टक्के असेल तर अशा ओल्या वस्तूचं तापमान जास्तीत जास्त २२ अंशांच्या आसपास उतरू शकतं. तेच ३३ अंश आणि ७० टक्के दमटपणा असेल तर २८ च्या खाली जाणारच नाही. प्रत्यक्षात कुंडी त्याहून दोन-चार अंश वरच थांबते. म्हणजे विदर्भ, मराठवाडा, खानदेश, सोलापूरकडे मजा आहे, किनारपट्टीला नाही. तिला आम्ही सगळे सांगतो, बाई तू फणस ठेव, कुंडी आमच्याकडे राहू दे.

पाणी सकाळ-संध्याकाळ द्यायचं, ऊन कडक असेल तर दुपारी पण थोडं. आत काय ठेवायचं तर पालक, मेथी, कोथिंबीर, कढीपत्ता, हिरवी मिरची, गाजर, भेंडी, वांगी. पालेभाजी धुऊन ओलीच टाकू नका, सडते, कोरडी करून सुती फडक्यात सैल गुंडाळा. कांदा-लसूण आत नको, ओलीने कोंब फुटतात. पिकलेली केळी आणि आंबे पालेभाजीबरोबर नकोत, त्यांच्यातून जो वायू निघतो त्याने पानं पिवळी पडतात. आणि दूध, मटण, मासे, शिजवलेलं अन्न याच्या भरवशावर अजिबात ठेवू नका, २०-२५ अंशांत त्यांच्यात जंतू मजेत वाढतात. त्याला खरा फ्रीजच लागतो. गारवा येतो की नाही हे बघायचं असेल तर एकाच जुडीतल्या चार काड्या आत, चार बाहेर ठेवा, संध्याकाळपर्यंत उत्तर मिळतं.

बोअरचं पाणी वापरत असाल तर काही आठवड्यांनी बाहेरून पांढरे क्षार दिसायला लागतील, काथ्याच्या घासणीने साध्या पाण्याने घासून काढा, साबण नको, माती तो पिऊन घेते. आठवड्यातून एकदा आतली कुंडी रिकामी करून उन्हात वाळवा, नाहीतर बुरशीचा वास येतो. पहिला जोराचा पाऊस झाला की हवा दमट होते आणि हा खेळ संपतो, तेव्हा वाळू काढून खडखडीत वाळवून पोत्यात भरा, पुढच्या मार्चला परत तीच वापरता येते. कुंड्या रिकाम्या ठेवायच्या नसतील तर बुजवलेली भोकं मोकळी करून त्यात मिरची लावा.