गणिताच्या उजळणीत या चुका टाळा (पालकांनो, तुम्हीसुद्धा)

गणिताची उजळणी वाचून होत नाही. वर्षानुवर्षं हे सांगते आहे, तरी परीक्षा जवळ आली की मुलं सोडवलेल्या उदाहरणांवर हायलायटर फिरवत बसतात आणि घरच्यांना वाटतं, अभ्यास चाललाय.

सोडवलेलं उदाहरण वाचताना प्रत्येक ओळ पटतेच. पुढची पायरी कोणती, हा निर्णय पुस्तकाने आधीच घेतलेला असतो. परीक्षेत नेमका तोच निर्णय आपल्याला घ्यायचा असतो आणि त्याचा सराव मात्र झालेला नसतो. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे देऊन एक प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. उतारे गणिताचे नव्हते, पण हाच अनुभव मला गणितात वारंवार येतो. "काल तर येत होतं!" असं मूल म्हणतं तेव्हा ते खोटं बोलत नसतं. काल पुस्तक उघडं होतं, एवढंच.

माझ्याकडे नियम साधा आहे. उदाहरण एकदा वाचायचं, पुस्तक मिटायचं, कोऱ्या कागदावर सोडवायचं. अडलं तर एकच ओळ बघून पुस्तक परत मिटायचं. तेच उदाहरण दोन-तीन दिवसांनी, आकडे बदलून, पुन्हा. ज्यांना याचा कंटाळा येतो ते दुप्पट वेगाने व्हिडिओ बघतात. त्यांना मी थांबवते. बघणाऱ्याचा हात चालत नाही, आणि गणित हाताने येतं.

दुसरी चूक म्हणजे 'सिली मिस्टेक' हा शब्द. तो घरातून हद्दपार करा.

नववीतल्या एका मुलाची आई सांगत होती, "त्याला सगळं येतं हो, फक्त सिली मिस्टेक होतात." मी जुन्या उत्तरपत्रिका मागवल्या. त्यांनी त्या जपून ठेवल्या होत्या, हे फार बरं झालं. टेबलावर सगळ्या पसरल्या आणि लाल पेनने प्रत्येक गणितातली पहिली चुकलेली ओळ तेवढी गोल केली. शेवटचं उत्तर नाही, पहिली चुकलेली ओळ. समीकरणांत ७ − २(क्ष − ३) चं त्याने ७ − २क्ष − ६ केलं होतं. बहुपदींच्या वजाबाकीत कंसातल्या पहिल्याच पदाचं चिन्ह बदललं होतं, बाकीची तशीच. निर्देशक भूमितीत ४ − (−३) चं उत्तर १. प्रकरणं तीन, चूक मात्र एकच: कंसापुढचं वजाचं चिन्ह कंसातल्या प्रत्येक पदापर्यंत पोहोचतच नव्हतं.

इतकी वर्षं त्याला सगळे सांगत होते, "लक्ष देऊन कर." पण लक्ष कशाकडे द्यायचं, हे कोणीच सांगितलं नव्हतं. वजाचा कंस आला की एक ओळ जादा लिहायची, असं मी ठरवून दिलं: (−२) × क्ष आणि (−२) × (−३), दोन्ही सुटं सुटं. तेव्हा कुठे +६ दिसतं आणि उत्तर १३ − २क्ष येतं. तो कुरकुरला: "एवढ्या स्टेप्स लिहिल्या तर पेपर पुरा कसा होणार?" हा युक्तिवाद प्रत्येक घाईखोर मूल करतं. जादा ओळीला काही सेकंद लागतात, चुकलेलं गणित शोधून पुन्हा सोडवायला कितीतरी मिनिटं. पुढच्या चाचणीत कंसांवरचे लाल गोल जवळजवळ नाहीसे झाले. उरला तो एक आकडा चुकीचा उतरवल्याचा. त्याला खुशाल निष्काळजीपणा म्हणा.

म्हणून चुकांची वेगळी वही ठेवा. तारीख, चुकलेली ओळ, बरोबर ओळ आणि 'का चुकलं' याचं एक वाक्य. 'घाईत' हे कारण मी मान्य करत नाही.

आता पालकांबद्दल, आणि जरा स्पष्टच. मूल अडलं की हातातली पेन्सिल काढून घेऊन गणित सोडवून दाखवू नका. तुमची पद्धत बरोबर असेल, पण शाळेतली वेगळी असली तर मुलाच्या डोक्यात दोन अर्धवट पद्धती राहतात. आणि तुम्हालाच गणिताची धास्ती असेल तर जास्तच जपा. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पहिली-दुसरीतल्या मुलांबाबत असं आढळलं, की गणिताला घाबरणारे पालक गृहपाठात वारंवार मदत करत होते, तिथे मुलं वर्षभरात गणित कमी शिकली आणि त्यांची भीतीही वाढली. मदत करूच नका, असं मी म्हणत नाही. घड्याळ लावा, प्रश्न निवडून द्या, उत्तरं ताडून बघा आणि विचारा, "ही ओळ वरच्या ओळीतून कशी आली ते मला सांग." हा प्रश्न विचारायला गणित यावं लागत नाही. मूल समजावता समजावता अडखळलं, की उजळणी कुठून सुरू करायची ते कळलं.

बाकीच्या चुका थोडक्यात.

वेळापत्रकात 'गणित, ५ ते ७' एवढंच लिहू नका. कोणती गणितं, ते लिहा.

दर वेळी पहिल्या प्रकरणापासून सुरुवात करू नका. पहिलं तोंडपाठ होतं आणि शेवटच्याला हात लागत नाही. जे सर्वांत कमी येतं ते आधी घ्या.

एकाच प्रकारची गणितं ओळीने सोडवत बसू नका. सरावसंचाचं शीर्षकच पद्धत सांगून टाकतं, प्रश्नपत्रिका सांगत नाही. चार प्रकरणांतली गणितं चिठ्ठ्यांवर लिहून मिसळा.

क्ष² = ५क्ष दिसलं की दोन्ही बाजूंना क्षने भागायचा शॉर्टकट मारू नका. क्ष = ० हे उत्तर हातचं जातं. आलेलं प्रत्येक उत्तर मूळ समीकरणात घालून बघायची सवय लावा.

एककं. चौरस मीटरमध्ये १०० नव्हे, १०,००० चौरस सेंटिमीटर असतात. दरवर्षी लिहिते, दरवर्षी चुकतं.

शेवटच्या आठवड्यात नवं गाइड आणू नका. आदल्या रात्री नवं गणित तर अजिबात नको. चुकांची वही एकदा चाळा, त्यातली दोन-तीन गणितं न बघता सोडवा, कंपासपेटी भरा आणि मुलाला वेळेवर झोपू द्या.