गावाचा स्वातंत्र्यानंतरचा इतिहास लिहिताय? सातारा-सांगलीकडच्यांनी या चुका टाळा

यंदा माझ्याकडे तीन स्मरणिका तपासायला आल्या. दोन शाळांच्या, एक विकास सोसायटीची. तिन्हींत ‘गावाचा इतिहास’ हे प्रकरण होतं आणि तिन्हींत थोड्याफार फरकानं हेच वाक्य होतं: ‘१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, संस्थानं खालसा झाली आणि आपलं गाव सांगली जिल्ह्यात आलं.’

लिहिणारी मंडळी मनापासून राबणारी आहेत, म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन आठवणी उतरवून घेणारी. पण या एका वाक्यात तीन चुका आहेत. त्या छापल्या की पुढची पन्नास वर्षं पोरं तेच भाषणांत म्हणत राहतात.

‘खालसा’ आणि ‘विलीन’ एकच समजणे

आपल्याकडे सर्रास ‘संस्थानं खालसा झाली’ म्हणतात. खालसा झालं, म्हणजे इंग्रजांनी जप्त केलं, ते साताऱ्याचं राज्य. १८४८ साली शहाजीराजे ऊर्फ आप्पासाहेब वारले, आणि त्यांचं दत्तकविधान न मानता गव्हर्नर जनरल डलहौसीनं राज्य कंपनी सरकारात ओढलं. म्हणून १९४७ साली सातारा हे संस्थान नव्हतंच, तो इंग्रजी मुलखातला जिल्हा होता. ‘सातारा संस्थान १९४८ ला विलीन झालं’ असं एका मसुद्यात होतं, ते मी पहिल्यांदा खोडलं.

विलीन झाली ती सांगली, मिरज, औंध, फलटण, जत, भोर, जमखंडी, कुरुंदवाड ही संस्थानं. तारीख ८ मार्च १९४८. कोल्हापूर वर्षभर मागं राहिलं, ते १ मार्च १९४९ ला आलं. मिरज आणि कुरुंदवाड लिहिताना थोरली पाती की धाकटी पाती, म्हणजे घराण्याची कुठली शाखा, तेही लिहा. ती वेगवेगळी संस्थानं होती. मिरजेच्या धाकट्या पातीची राजधानी बुधगाव. बुधगावकरांनी ‘आमचं गाव मिरज संस्थानात होतं’ एवढंच लिहिलं तर निम्मी गोष्ट हरवते.

मधले सात महिने गाळणे

१५ ऑगस्टच्या आधी संस्थानिकांनी सह्या केल्या त्या सामीलनाम्यावर. त्यातून संरक्षण, परराष्ट्र आणि दळणवळण एवढे तीनच विषय दिल्लीकडे गेले. शेतसारा, कोर्ट, शाळा, पोलीस सगळं संस्थानाकडंच राहिलं. म्हणजे १५ ऑगस्टला सांगलीत तिरंगा चढला तरी दुसऱ्या दिवशी फिर्याद घेऊन जायचं ते संस्थानच्याच कचेरीत. कारभार सोडला तो विलीनीकरणात. मसुद्यात ‘सामील’ आणि ‘विलीन’ हे शब्द एकमेकांच्या जागी पडले असतील तर आधी तेवढं दुरुस्त करा, पुष्कळ गोंधळ तिथंच मिटतो.

या सात महिन्यांतली एक गोष्ट मात्र जाणूनबुजून गाळली जाते. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींचा खून झाला आणि त्यानंतर सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांची घरं-दुकानं जाळली गेली. त्या दिवसापासून ८ मार्चपर्यंत मोजले तर ३८ दिवस होतात. पटवर्धनांची संस्थानं (सांगली, मिरज, जमखंडी, कुरुंदवाड), औंध, भोर या गाद्यांवर ब्राह्मण घराणी होती. विलीनीकरणाची हवा आधीपासून होती, प्रजा परिषदांची, म्हणजे संस्थानी जनतेच्या संघटनांची, मागणीही होती. पण त्या जाळपोळीनंतर ते किती झपाट्यानं झालं हे तारखाच सांगतात. ‘स्मरणिकेत कशाला कटू विषय’ असं मला सांगण्यात आलं. मी म्हटलं, नावं छापू नका, कुणाच्या नातवाला मान खाली घालायला लावू नका, पण जळालेला वाडा अजून गावात उभा आहे आणि पोरं त्याच्यासमोर क्रिकेट खेळतात. चार ओळी तरी द्या.

आजचा नकाशा जुन्या काळावर ठेवणे

सगळ्यात जास्त घोळ इथं होतो. सांगली संस्थान म्हणजे सांगली जिल्हा नव्हे. संस्थानचे तालुके होते मिरजप्रांत, कुची, मंगळवेढे, तेरदाळ, शहापूर आणि शिरहट्टी. आज मंगळवेढा सोलापूर जिल्ह्यात आहे, तेरदाळ बागलकोटात, शिरहट्टी गदग जिल्ह्यात, आणि शहापूर बेळगाव शहराचा भाग झालंय. औंध संस्थान ७२ गावांचं, तेही विखुरलेलं: औंध एकीकडं, कुंडल दुसरीकडं, आटपाडी तिसरीकडं आणि गुणदाळ पार विजापूरकडं. मध्ये सगळा इंग्रजी मुलूख.

ही विखुरलेली हद्द नुसती गंमत म्हणून सांगत नाही. तिच्याशिवाय प्रतिसरकार, म्हणजे भूमिगतांनी इंग्रजांविरुद्ध गावोगाव चालवलेलं सरकार, समजत नाही. कुंडल औंधात, बाजूची गावं इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यात. हद्द ओलांडली की कारभार बदलायचा, आणि भूमिगतांनी त्याचा फायदा घेतला. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ रेल्वे अडवून खजिना लुटणाऱ्या तुफान सेनेचं, म्हणजे प्रतिसरकारच्या लढाऊ दलाचं, घर कुंडलच. क्रांतिसिंह नाना पाटलांचं येडे मच्छिंद्र तेव्हा साताऱ्यात होतं, आज सांगलीत आहे. यशवंतराव चव्हाणांचं देवराष्ट्रेही तसंच.

औंधबद्दल आणखी एक. ‘संस्थानात जुलूम होता, विलीनीकरणानं लोकांना हक्क मिळाले’ हे सरधोपट वाक्य औंधच्या गावांनी वापरू नये. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी गांधीजींच्या सल्ल्यानं १९३९ सालीच राज्यघटना देऊन सत्ता प्रजेच्या हाती सोपवली होती, आणि कारभाराचा पाया ग्रामपंचायत होता. विलीन होताना या गावांनी काही मिळवलं आणि काही गमावलंही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण देश एक करताना आपण काय बाजूला ठेवलं ते औंधाइतकं स्वच्छ दुसरीकडं दिसत नाही.

‘दक्षिण सातारा’ चूक समजून खोडणे

माझ्या वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला माझ्याकडं आहे. पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला, मागून खळीनं कागद चिकटवलेला. जन्म १९५१, तालुका तासगाव, जिल्हा: द. सातारा. एका कचेरीत तो दाखवला तर टेबलापलीकडच्या माणसानं ‘जिल्हा चुकलाय, दुरुस्त करून आणा’ म्हणून परत दिला. त्यापायी वडिलांचे दोन हेलपाटे झाले.

जिल्हा चुकलेला नव्हता. १ ऑगस्ट १९४९ ला साताऱ्याचे दक्षिणेकडचे तालुके आणि विलीन झालेल्या संस्थानांतला मुलूख मिळून दक्षिण सातारा जिल्हा झाला. त्याला सांगली हे नाव मिळालं २१ नोव्हेंबर १९६० ला. म्हणून या मधल्या अकरा वर्षांच्या कागदावर ‘सांगली जिल्हा’ दिसला तरच शंका घ्या. घरात असा दाखला असेल तर त्यावर पेन चालवू नका.

कागदच सापडत नसेल तर १९४८ च्या आधीचं गाव कुणाकडं होतं ते आधी ठरवा. इंग्रजी मुलखातल्या गावाचे कागद साताऱ्याच्या दप्तरात शोधायचे, संस्थानी गावाचे संस्थानच्या दप्तरात. मोडी वाचणारा जाणकार सोबत न्या.

भाषावार रचनेत सगळे एकमतानं होते असं लिहिणे

तेरदाळ, शिरहट्टी, जमखंडी १९४८ ला आपल्यापासून तुटली नाहीत. तेव्हा जिल्हे वेगळे झाले, पण प्रांत मुंबईच होता. राज्य वेगळं झालं ते १ नोव्हेंबर १९५६ ला, विजापूर आणि धारवाड जिल्हे म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेले तेव्हा.

उरलेल्या आपल्या माणसांतही फूट होती. १९५५ साली फलटणला यशवंतराव जाहीरपणे म्हणाले की नेहरू आणि संयुक्त महाराष्ट्र यांत निवड करायची वेळ आली तर आपण नेहरूंच्या बाजूनं राहू. लोकांनी त्यांच्यावर केवढा राग धरला! १९५७ ला कराडातून ते जेमतेम निवडून आले, आणि सातारच्या लोकसभेवर लोकांनी नाना पाटलांना पाठवलं. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला नेहरू प्रतापगडावर आले तेव्हा वाटेवर काळी निशाणं होती. आणि १ मे १९६० ला महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले ते यशवंतरावच. तुमच्या गावात दोन्ही बाजूंची माणसं असतील, दोन्ही लिहा. दोघांनाही देश हवा होता.

जत तालुक्यातल्या मंडळींना वेगळं सांगतो. पूर्व भागात घरात कन्नड बोलणारी गावं आहेत. त्यांच्या आठवणी मराठीत आणताना ‘ते’ आणि ‘आपण’ अशी भाषा येते, ती काढून टाका. पाण्यासाठी कर्नाटकात जायचं म्हणणाऱ्या गावांचं दुखणं पाण्याचं होतं, ते पाणी म्हणूनच लिहा.

म्हाताऱ्यांकडं जाल तेव्हा ‘स्वातंत्र्य मिळालं तेव्हा काय वाटलं?’ असं विचारू नका, भाषण मिळेल. विचारा की सारा कुठं भरायचा, तंटा कुठल्या कचेरीत चालायचा, बाजाराला कुठल्या गावी जायचं, मुलगी कुठं दिली. मुलगी शिरहट्टीला दिलेली निघाली तर तिथं थांबा, वही उघडा.